दार उघडलं, पंगतीचं काय?

(दृश्य : बुलडाणा जिल्हा, देऊळगाव राजा तालुका. मेहुणा राजा गावाकडं जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना तूर.)

निवेदन :
पंढरपूर इथून लांब आहे. तरी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ ज्यांची समाधी आहे, त्या संत चोखामेळ्याचं, महार म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबांचं जन्मगाव म्हणून या मेहुणा राजाचं नाव घेतात. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. विसावा मिळाला तो मात्र दाराबाहेरच.

त्यांची बायको सोयराबाई. तिनं सगळ्या सोवळ्याओवळ्याला एका अभंगात कोंडीत पकडलं. देहाचा विटाळ देहातच जन्माला येतो, मग सोवळा झाला तो कोण? सहाशे-सातशे वर्षं होऊन गेली, या प्रश्नाला कुणी शास्त्र्यानं धड उत्तर दिलेलं नाही.

हा अभंग विदर्भात सप्ताहाच्या मांडवात गायला जातो. टाळ वाजतात, माना डोलतात. मग काल्याचं कीर्तन होतं, हंडी फुटते आणि पंगत बसते.

(दृश्य : चुलवणावर मोठं गंज, वांग्याची भाजी. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडले जात आहेत.)

निवेदन :
वऱ्हाडात देवाचं जेवण म्हणजे वांग्याची भाजी, वरण आणि रोडगे, किंवा पोळ्या आणि बुंदी. भूक लागली नसली तरी माणूस पत्रावळीवर बसतो. आणि गाव कसं आहे, हे देवळाच्या दारापेक्षा या पत्रावळींच्या रांगेत लवकर कळतं. एके काळी अस्पृश्य मानलेल्यांना मांडवाच्या बाहेर, वेगळ्या जागी, सगळ्यांचं आटोपल्यावर बसावं लागे. ताट घरून आणायचं. वाढणारा हात उंच धरून वरून टाकायचा. हे पाहिलेली, भोगलेली माणसं अजून गावोगाव आहेत.

दाराची लढाई आधी झाली. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं गाजलं, त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश देण्याचा प्रश्न पेटला. १३ नोव्हेंबरला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वेळी त्यांचे थोरले बंधू बाळाराम गेल्याची बातमी आली. परिषद तरीही पार पडली. देवळाच्या पंचांना विचार करायला अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह पुढं ढकलला गेला. अवधी देणं हा त्या काळातला मोठेपणा होता. तो घेणाऱ्यांनी किती ताणला, हे सांगायला नको.

या लढ्याच्या बाजूनं उभे राहिलेले पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याचे पोर. परदेशात त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. त्यामुळं शास्त्राचा धाक त्यांना कुणी घालू शकत नव्हतं. पुढं जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. मला हे काम देवळाच्या दारापेक्षा मोठं वाटतं. दर्शनावाचून वर्ष निघतं, पाण्यावाचून दुपार निघत नाही.

वर्ध्यात जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांना खुलं केलं. जातभाई रागावले, रागावू दिले. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींची देशभरची हरिजन यात्रा निघाली, तीही वर्ध्याहूनच. १९४७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, १९५० मध्ये संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, १९५५ मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षा ठरली. कागदावर दार सताड उघडं झालं.

(दृश्य : ऋणमोचन, पूर्णा नदीचा घाट. पायऱ्यांवर धुणं.)

निवेदन :
पण विदर्भातल्या साध्या माणसाच्या डोक्यातला विटाळ हलवला तो कायद्याच्याही आधी, एका परटाच्या पोरानं. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. आपण त्यांना गाडगेबाबा म्हणतो. इथं ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. यात्रेकरू काठच्या चिखलात घसरत, म्हणून बाबांनी लोकांना हाताशी धरून हा घाट बांधला. ज्या पायरीवर सगळ्यांचे पाय पडतात, तिथं विटाळ मोजायचा कुणी आणि कसा?

बाबांची रीत उलटी होती. गावात शिरायचं ते खराटा घेऊन. आधी रस्ते झाडायचे, नाल्या उपसायच्या आणि रात्री कीर्तन. कीर्तनाला देऊळ लागायचंच नाही, मैदान पुरे. मैदानाला गाभारा नसतो, उंबरठाही नसतो. माणसं जमली की बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्नांचा भडिमार करायचे. देव दगडात आहे का? बोकड कापून तो प्रसन्न होतो का? शिवाशीव कुणी सांगितली? उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं आणि मग त्यांच्याच गळ्यात घालायचं. समोर पाटलापासून मजुरापर्यंत सगळे एकाच धुळीत बसलेले. ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ म्हणताना शेजारी कोण बसलंय, हे लक्षात राहत नसे.

पंढरपूरला ते वारंवार गेले, पण विठ्ठलाच्या दर्शनाला जात नसत, असं सांगतात. महार वारकऱ्यांना पंढरीत टेकायला जागा नव्हती. तिथं त्यांनी धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. मेहुणा राजाच्या माणसाला पंढरीत हक्काचं छप्पर मिळालं ते शेंडगावच्या माणसाकडून, सहाशे वर्षांनी. पुढं ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबा स्वतः शाळेत गेलेले नव्हते. कुठली इमारत कुणाच्या हाती द्यावी, हे त्यांना बरोबर कळत होतं.

(दृश्य : मोझरी, गुरुकुंज आश्रम. सायंकाळ. रांगेत बसलेली माणसं.)

निवेदन :
तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं. इथल्या प्रार्थनेत पूजेला मूर्ती नसते, समोर रिकामं आसन असतं. त्याला अधिष्ठान म्हणतात. मूर्तीच नाही, म्हणून तिला शिवण्याचा हक्क कुणाचा, हा वादही नाही. पुजारी नाही, सोवळं नाही. येईल तसं ओळीत बसायचं, मांडीला मांडी लावून. हीच सामुदायिक प्रार्थना त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी खेड्यापाड्यांत नेली. खंजिरीचं भजन कुणाच्या ओसरीवर होतंय, याला तिथं महत्त्व नव्हतं. ज्या गावात मंडळ टिकलं, तिथं निदान संध्याकाळचा तासभर तरी वस्त्यांमधली रेघ पुसट झाली. तासभर म्हणजे थोडं असेल. पण गावात असा दुसरा तास होता कुठं?

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बुद्धाला शरण जाऊन हिंदू धर्मच सोडला. विदर्भातल्या गावागावांतल्या महार वस्त्यांनी देवळाकडं पाठ फिरवली, देव्हारे रिकामे केले, विहार बांधले. दाराशी सगळ्यात मोठ्यानं हाक देणारे आता तिथं नव्हतेच. तेव्हा ‘आमच्या गावात कुणाला अडवत नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर कोण यायचं थांबलंय आणि का, हेही विचारावं लागतं. मागं राहिलेल्या मातंग, चांभार, मेहतर कुटुंबांचा आवाज गावात तसाही बारीक. त्यांची घरं थोडी, शेती त्याहून थोडी, आणि मजुरी ज्यांच्या वावरात, देऊळही त्यांच्याच ताब्यात.

(दृश्य : देवळाचा ओटा. पावतीपुस्तक घेऊन बसलेली कमिटी.)

निवेदन :
आज दर्शनाला बहुतेक गावांत कुणी हटकत नाही. पंगतही पुष्कळ ठिकाणी एक झाली आहे, पोरं तर शेजारी कोण बसलंय हे बघतही नाहीत. ही कमाई लहान नाही. अडतं ते पुढं. सप्ताहाचा चंदा सगळ्या मोहल्ल्यांतून गोळा होतो, पावती सगळ्यांच्या नावानं फाटते. पण कमिटीत नावं कुणाची? विणेकरी कोण? काल्याची हंडी कुणाच्या हातून फुटते? आणि सगळ्यात नाजूक, गंजाजवळ कोण उभं आहे? खालच्या मानलेल्या घरातला माणूस मांडव घालतो, पाणी भरतो, भांडी घासतो. पोळी लाटायला त्या घरातल्या बाईला सांगावा जात नाही. ती जेवायला असली तर चालते, रांधायला नको.

१९५५ चा कायदा अडवणाऱ्याला पकडतो. सांगावाच गेला नाही, तर अडवलं कुणी? ठाण्यात जाऊन काय लिहून द्यायचं, की मला पोळ्या लाटायला बोलावलं नाही? म्हणून हे काम ठाण्यात होणार नाही. सप्ताहाच्या आधी याच ओट्यावर बैठक बसते. विणेकरी, वाढपी, स्वयंपाकाच्या बाया, सगळी नावं तिथंच एका वहीत लिहितात. काही गावांत बचत गटाच्या बायका एकत्र पोळ्या लाटू लागल्या, तेव्हा बैठकीत कुणीतरी त्या खालच्या मानलेल्या घरातल्या बाईचं नाव आधी उच्चारलं होतं, आणि लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं होतं.