डिस्क बेंड नसते हो

(सोलापुरात गॅरेजमालक, मेकॅनिक आणि ऑटोमोबाईलचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हे गिऱ्हाईक तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नवे पॅड, नव्या डिस्क, त्याही साध्या नव्हेत, परफॉर्मन्सच्या, ऑनलाइन मागवलेल्या. बसवून झाल्यावर मालक परत येतात आणि म्हणतात, "पुणे रोडला ऐंशी-नव्वदला ब्रेक मारला की स्टिअरिंग नुसतं थरथरतंय ओ." आपण एक ट्रायल मारून येतो आणि जाहीर करतो की डिस्क बेंड आहे. दुसरा सेट येतो. काही दिवसांनी त्यालाही तेच. मग डिस्क बनवणाऱ्याला शिव्या, पॅडवाल्याला शिव्या, आणि मालक तिसरं गॅरेज शोधायला मोकळे.

खोक्यातून डिस्क बहुतेक वेळा सरळच निघते. वाकडी बसवली जाते ती हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्याच्यावर बसतात त्या मधल्या भागावर, नाहीतर तिच्यावर पॅडचा थर कुठं जास्त, कुठं कमी चिकटतो. दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून तर त्यावर बोलायचं.

चाक खोलायच्या आधी मालकांना एक प्रश्न विचारा: हे सुरू कधी झालं? पहिल्याच दिवसापासून, की चार-पाच हजार किलोमीटरनंतर हळूहळू? अर्धं निदान इथं होतं आणि हाच प्रश्न आपण विचारत नाही. पहिल्या दिवसापासून असेल तर हबचा गंज, नटांची आवळण आणि पॅडचा थर बघा. हळूहळू वाढत गेलं असेल तर डिस्क पहिल्या दिवसापासून किंचित हेलकावे खात होती आणि त्याचं फळ आता दिसतंय. कसं, ते सांगतो.

हबच्या तोंडावर गंजाची एक खपली राहिली असं समजा. जाडी 0.05 मिलिमीटर. केसाची जाडी साधारण 0.07 धरा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. हबच्या तोंडाचा व्यास 140 मिलिमीटर, डिस्क 260 ची. डिस्कचा हेलकावा कडेपासून 10 मिलिमीटर आत मोजतात, म्हणजे मोजायचा व्यास 240. त्रैराशिक मांडा: 0.05 गुणिले 240 भागिले 140. उत्तर येतं 0.086. जात्याच्या खुंट्याजवळ खडा अडकला की वरची तळी कडेला उचललेली दिसते, तसंच हे. आणि बऱ्याच गाड्यांना बसवलेल्या डिस्कचा रनआउट, म्हणजे हाच हेलकावा, 0.05 च्या आत असावा लागतो, काही कंपन्या 0.10 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे एका खपलीनं सगळी सवलत खाल्ली.

आता गंमत बघा. नुसत्या रनआउटनं स्टिअरिंग लगेच थरथरेलच असं नाही. फ्लोटिंग कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, पिनांवर सरकतो, तो डिस्कबरोबर थोडा हलून घेतो. पण पाय ब्रेकवर नसतानाही, त्या डिस्कचा पुढं आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला हलकासा घासून जातो. इथून टेंभुर्णीपर्यंत जाताना चाक किती फेरे मारतं? 185/65 आर 15 टायरचा घेर जवळजवळ 1.95 मीटर, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी घासलं की काही हजार किलोमीटरनी डिस्क तिथं पातळ होते. हा जाडीतला फरक 0.015 ते 0.02 झाला की संपलं. जाड भाग पॅडमध्ये शिरला की पिस्टन मागं ढकलला जातो, पातळ भाग आला की दाब उतरतो, म्हणून पॅडल पायाखाली धडधडतं आणि स्टिअरिंग हलतं. मालकांना वाटतं डिस्क आत्ता बिघडली. ती बसवली त्या दिवशीच बिघडायला लागली होती.

एवढा फरक व्हर्नियरनं सापडत नाही, कारण आपल्या नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच 0.02 आहे. मायक्रोमीटर लागतो. डिस्कच्या गोलावर आठ ठिकाणी, कडेपासून सारख्या अंतरावर जाडी मोजा. रनआउटला मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, काट्यानं हेलकावा दाखवणारा. आधी बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते तपासा, मग चाक नसताना डिस्क वॉशर लावून नटांनी नीट आवळा आणि मगच काटा बघा. सैल डिस्कवर घेतलेलं माप लिहून ठेवण्याच्या लायकीचं नसतं. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना ज्या गावात आहे, जिथं मायक्रॉनमध्ये घासकाम चालतं, त्या गावात किती गॅरेजांत डायल गेज आहे हे मी विचारत नाही. हात वर करायला लावणं बरं दिसणार नाही.

रनआउट जास्त निघाला तर लगेच डिस्क फेकू नका. ती एक नट पुढं फिरवून बसवा आणि परत मोजा. चार नटांच्या हबला चार जागा मिळतात. हबचा थोडा तिरकेपणा आणि डिस्कचा थोडा तिरकेपणा एकमेकांना छेद देतील अशी एखादी जागा बऱ्याचदा सापडते. त्यापूर्वी हबचं तोंड आणि डिस्कची आतली बाजू वायर ब्रशनं धातू दिसेपर्यंत साफ करायची. ग्राइंडर लावू नका, हबच खाल्लं जाईल. आणि गंज धरू नये म्हणून तिथं ग्रीसचा लेप थापायची सवय सोडा, लेपालाही जाडी असते.

नटांबद्दल थोडक्यात. छोट्या गाड्यांना साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नट आवळायची गन सहज तीनशेच्या पुढं जाते, आणि एका नटावर जास्त, दुसऱ्यावर कमी. त्यानं डिस्कची टोपी, म्हणजे हबवर बसणारा मधला भाग, ताणली जाते. टॉर्क रेंच घ्या, समोरासमोर आवळा, दोन टप्प्यांत. पंक्चरवाल्याकडं चाक काढलं होतं का, हेही मालकांना विचारायला विसरू नका.

आता पॅडचा थर. परफॉर्मन्स पॅडची खरी गोष्ट इथं आहे. ब्रेक लागताना पॅड डिस्कला नुसता घासत नाही. त्यातला थोडा माल डिस्कवर पातळ थर म्हणून बसतो, आणि पुढची पकड बरीचशी पॅड आणि तो थर यांच्यातली असते. थर सगळीकडं सारखा असेल तर ब्रेक एकसारखा लागतो. एका जागी जास्त चिकटला तर तिथं पकड वेगळी, तिथं जास्त उष्णता, म्हणून तिथं आणखी माल चिकटतो. डिस्क फार तापली तर तिच्या बिडाची रचनाच त्या डागापुरती बदलते, 650-700 अंशांच्या आसपास सिमेंटाइट नावाचे कडक डाग पडतात. ते पॉलिश पेपरनं जात नाहीत.

हा डाग पडतो कुठं? आपल्या सावळेश्वर टोलनाक्यावर! गंमत नाही करत. नवे पॅड बसवून कोणी सोलापूरहून निघतो. रस्ता सपाट, ब्रेकला काम नाही. समोर नाका दिसतो, शंभरवरून जोरात ब्रेक, डिस्क तापलेली, आणि फास्टॅग वाचेपर्यंत पाय पॅडलवर घट्ट. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एकाच जागी दाबून धरला की तिथं शिक्का उठतो. तुळजापूरचा घाट उतरून खाली आल्याबरोबर गाडी थांबवून चहा पिणाऱ्यांचंही तेच. थांबायचंच असेल तर पॅडलवरचा पाय हलका ठेवा, गाडी दोन-चार फूट पुढं सरकू द्या.

म्हणून बेडिंग, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सारखा बसवून घेणं. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं आधी पुसून घ्यायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग रविवारी पहाटे मोकळा रस्ता बघा, मागं कोणी नाही याची खात्री करा. साठ-सत्तरवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम जोरात वेग उतरवा, थांबू नका, परत वेग घ्या, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. असं आठ-दहा वेळा. शेवटी दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी पळवत ठेवा, म्हणजे डिस्क वाऱ्यानं थंड होईल. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. मालक म्हणतील, एवढं कशाला? त्यांना चावी देताना हे गॅरेजनं करून द्यायचं काम आहे असं माझं मत आहे, आणि मजुरीत ते धरायलाही हरकत नाही.

सोलापूरच्या उन्हाला मात्र यात ओढू नका. बेचाळीस अंशांत पॅड बिघडतात असं मी ऐकलंय. डिस्क ज्या शेकडो अंशांना जाते, तिच्यापुढं आपलं ऊन काहीच नाही. उलट अडचण दुसरीच आहे. ट्रॅकवरचे रेसिंग पॅड दोनशे अंशांच्या पुढं नीट पकडतात. सात रस्ता ते आसरा चौक या प्रवासात ते तेवढे तापतच नाहीत. थंडपणी कमी पकड, आवाज, शिवाय डिस्क खातात. भोकं पाडलेल्या डिस्कही मी गावात चालणाऱ्या गाडीला सुचवत नाही, भोकांच्या कडेला तडे जाऊ शकतात. चिरा पाडलेल्या डिस्कचा ब्रेक लावताना घुंई असा आवाज येतो, तो दोष नव्हे, आणि तो थरथरीत मोजू नका.

थरथर नेमकी ब्रेकचीच आहे का, हेही बघायला हवं. ब्रेक न लावता शंभरला थरथर असेल तर बॅलन्सिंगकडं जा. ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग हललं तर संशय पुढच्या चाकांवर, सीट आणि पाठ हलली तर मागच्यांवर. मागं ड्रम असतील तर रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात हँडब्रेक हलकेच, बटण दाबून ठेवून, ओढून बघा; थरथर आली तर दोष मागं. पॅडल टकटक करत मागं ढकललं गेलं आणि बरोबर करकर आवाज आला, तर तो बहुधा एबीएस आहे, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा.

विद्यार्थ्यांसाठी एक युक्ती. मोबाईलमध्ये कंपनं मोजणारं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप मिळतं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा, शेजारच्याला मोजायला सांगा. ऐंशीला गाडी सेकंदाला 22.2 मीटर जाते, घेर 1.95, म्हणजे चाक सेकंदाला साडेअकरा फेरे. कंपनांच्या आलेखात साडेअकरा हर्ट्झला टोक दिसलं तर फेऱ्याला एक झटका, हे रनआउट किंवा एका डागाचं लक्षण. तेवीसला दिसलं तर फेऱ्याला दोन, म्हणजे डिस्कवर समोरासमोर दोन जागा. आणि वेग उतरला की हा आकडा त्याच प्रमाणात उतरायला हवा. नाही उतरला तर चाकाचं कारण नाही. ऐंशी-शंभरलाच जास्त जाणवतं आणि चाळीसला गायब होतं, कारण सस्पेन्शनची स्वतःची कंपनं त्याच सुमाराला असतात. लोअर आर्मची बुशिंग, म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याचे रबरी सांधे, सैल असली तर तोच झटका दुप्पट वाटतो. बुश बदलून थरथर कमी झाली म्हणजे डिस्क बरी झाली असं समजू नका.

एका मित्रानं चिठ्ठी पाठवलीय: "अण्णा, लेथवर फेसिंग मारून घेतली तर चालतं का?" फेसिंग म्हणजे डिस्कचं तोंड कापून सपाट करणं. चालतं, दोन अटींवर. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. 22 ची डिस्क असेल तर ती बहुधा 20 असते. फेसिंगनंतर त्याच्या खाली जाता कामा नये, आणि झिजायलाही थोडी जागा राहिली पाहिजे. दुसरी अट अशी, की लेथवर डिस्क चकमध्ये धरतात, गाडीवर ती हबवर बसते. हब तिरका असेल तर लेथवर सरळ केलेली डिस्क गाडीवर परत तिरकीच. गाडीवरच फेसिंग करणारं मशीन मिळालं तर उत्तम. नाहीतर लेथवरून आल्यावर हब घासा आणि डायल गेज लावा. कॅलिपरच्या पिना बाहेर काढलेल्याच असतील, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं पेट्रोलियम ग्रीस लावू नका. त्यानं रबरी बूट फुगतात, पिन अडकते, आणि एकच पॅड डिस्कला घासत राहतो.