शिडीसकट सगळे लिहून ठेवणारे आप्पा

श्रोतेहो, नमस्कार. पासबुके, विम्याची पॉलिसी, सातबारा आणि घरफाळ्याची पावती कुठे ठेवली आहे, हे तुमच्याखेरीज घरात आणखी कोणाला ठाऊक आहे?

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत, सगळे त्यांना आप्पा म्हणत. साखर कारखान्यात हिशेबनीस म्हणून आयुष्य गेलेल्या या माणसाने एका दोनशेपानी वहीत सगळा संसार उतरवला होता: कोणत्या पतसंस्थेत ठेव आहे, पावती कोणत्या डब्यात आहे, दूध संस्थेचा शेअर कोणाच्या नावावर आहे, आणि शेवटच्या पानावर, 'शिडी मंडपवाल्याकडे, अद्याप परत नाही.' वहीची दुसरी प्रत गारगोटीला दिलेल्या लेकीकडे असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले तेव्हा मुलांनी टीव्ही आणि धान्य माळ्यावर चढवले, पण कॉटखालची कागदांची ट्रंक तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर पावत्यांचा लगदा पाहून काकू रडू लागल्या, तर आप्पा एवढेच म्हणाले, "गारगोटीला फोन लावा." त्या प्रतीवरून क्रमांक काढून त्यांनी सगळ्या पावत्यांच्या दुय्यम प्रती मिळवल्या. पुढे आप्पा गेले, तेव्हा काकूंनी तीच वही समोर ठेवून एकेक काम मार्गी लावले, आणि दिवसकार्य आटोपल्यावर थोरल्या सुनेने शेवटचे पान वाचून मंडपवाल्याकडून शिडीही वसूल केली.

तेव्हा कागद कुठे आहे, ते लिहा. आणि लिहिलेल्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. दहा वर्षे पडून राहिलेली बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी वारसांना ती मागता येते, आणि ती शोधायला 'उद्गम' हे संकेतस्थळ आहे. पतसंस्थेतली ठेव मात्र तिथे सापडत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तर गल्लीगल्लीत पतसंस्था! दस्तऐवज लॅमिनेट करण्याची हौसही मला मुळीच पसंत नाही, कारण पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे पुन्हा सांगतो, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो सहसा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, हे विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच स्पष्ट केले होते; २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर मात्र विम्यात आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले नॉमिनी असतील, तर पैसे त्यांचेच मानण्याची तरतूद आहे, एवढा अपवाद. म्हणून मृत्युपत्र वेगळे करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि ते कोणत्या कपाटात आहे, तेही वहीत लिहावे. नमस्कार.