सत्वा, दुबई : अजानीआधीचा अर्धा तास

दुबईतील सत्वा हा शिंप्यांच्या दुकानांचा आणि लहानमोठ्या खाणावळींचा जुना भाग आहे. शेख झायेद मार्गावरचे उंच मनोरे येथून सहज दिसत असले, तरी येथील पदपथ अजूनही पायी फिरणाऱ्या कामकरी माणसांचे आहेत. याच भागात १९७८ साली एका पाकिस्तानी कुटुंबाने ‘रावी’ हे रेस्टॉरंट सुरू केले आणि लाहोरजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव त्याला दिले. २०२२ मध्ये आदिदास कंपनीने या नावाचा हिरव्या-पांढऱ्या रंगांतील बूट बाजारात आणला, तेव्हा त्याची वार्ता जगभर पोहोचली. पण टॅक्सीचालकांना आणि दुकानांतील नोकरमंडळींना स्वस्तात पोटभर जेवण मिळण्याची ही जागा त्याआधी कित्येक वर्षे ठाऊक होती. रमजानच्या महिन्यात सत्वा, देरा आणि करामा या भागांतील अशा पाकिस्तानी रेस्टॉरंटांमध्ये सूर्यास्तापूर्वीचा अर्धा तास पाहण्यासारखा असतो.

चांद्र कालगणनेमुळे रमजान दरवर्षी सुमारे १० ते ११ दिवस अलीकडे येतो. तो मार्चच्या आरंभी आला, तर दुबईत रोजा सोडण्याची वेळ संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास येते. जूनमध्ये आला, तर ती सातच्या पुढे जाते. ही वेळ मिनिटाच्या हिशेबाने पाळली जाते. बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्यांवरून सूर्य अधिक वेळ दिसतो, म्हणून ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे थांबून रोजा सोडावा, असे येथील धर्मशास्त्राच्या जाणकारांनी २०११ मध्ये सांगितले होते. सत्वाच्या पदपथावर बसणाऱ्याला मात्र जवळच्या मशिदीतील मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान पुरेशी असते.

अजानीच्या बऱ्याच आधी टेबले भरतात. कुणी काही मागवण्यापूर्वीच वाढपी प्रत्येकासमोर एक ताटली ठेवून जातो, आणि पुष्कळ ठिकाणी या ताटलीचे पैसे घेतले जात नाहीत. तिच्यात खजूर असतात, कलिंगडाची फोड असते, कांदा-बटाट्याची गरम भजी आणि एखादा समोसा असतो. शेजारी वाटीत फ्रूट चाट येते. त्यातील केळे, सफरचंद आणि पेरूच्या बारीक फोडींना चाट मसाला लावून संत्र्याच्या रसात मुरवलेले असते, त्यामुळे वाटीच्या तळाशी आंबटगोड, किंचित काळसर रस साठतो. दुधात कालवलेल्या रूह अफ्जाचा गुलाबी पेला त्यासोबत असतो. हे सरबत विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या हमदर्द दवाखान्यात जन्मले आणि फाळणीनंतर कराचीतही तयार होऊ लागले, म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ते सारखेच आपले वाटते. सगळे समोर वाढलेले असते आणि कुणीही हात लावत नाही. अनोळखी माणसे एका टेबलावर बसतात, एकमेकांकडे पाण्याची बाटली सरकवतात आणि थांबून राहतात.

आमच्या दृष्टीने या संध्याकाळचा खरा भार भटारखान्यावर असतो. निहारी या दाट रश्श्यातील मांस हाडांपासून सुटेपर्यंत मंद आचेवर शिजावे लागते, त्यामुळे संध्याकाळी वाढायची निहारी दिवसा लवकर चुलीवर चढते. हलीमसाठी गहू, डाळी आणि मांस एकजीव होईपर्यंत घोटत बसावे लागते. ही कामे करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रोजा असतो. हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरेनुसार ज्याचे कामच स्वयंपाकाचे आहे, त्याला गरज पडल्यास जिभेच्या टोकाने चव पाहून ती थुंकून टाकण्याची मुभा आहे. तरीही तेवढेसुद्धा न करता तेलाचा रंग, मसाल्याचा वास आणि डावाचे ठरलेले माप यांवरच मिठाचा अंदाज बांधणारे आचारी असतात. भजी मात्र आधी तळून चालत नाही, कारण ती मऊ पडतात. म्हणून शेवटची पंधरा-वीस मिनिटे कढईपाशी सर्वांत अधिक धावपळ असते, आणि ती दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसांची असते.

अजान होते, खजूर तोंडात जातो, पाणी प्यायले जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत निम्मी टेबले रिकामी होतात, कारण मंडळी नमाजाला जातात. जाणती माणसे जेवण आधीच सांगून ठेवतात. टोमॅटो, आले आणि हिरव्या मिरचीची चिकन कढाई मागणी आल्यावर मोठ्या आचेवर करायची असते, आणि ती तयार होईपर्यंत नमाज आटोपते. तंदूरमधून नान निघू लागतात ते खऱ्या अर्थाने त्यानंतर.

या टेबलांवर मराठीही ऐकू येते. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कितीतरी कोकणी मुस्लिम घरांतील माणसे पिढ्यान् पिढ्या आखाती देशांत नोकरी करत आली आहेत. घरापासून दूर, खोलीत एकट्याने रोजा सोडण्यापेक्षा येथे चार माणसांत सोडणे त्यांना बरे वाटते, आणि ते आपण सहज समजू शकतो.

रोजा नसलेल्या पाहुण्याचेही येथे स्वागत असते. पूर्वी दुबईत उपवासाच्या वेळी उघड्या असणाऱ्या रेस्टॉरंटांना जेवणाची जागा पडद्याने झाकावी लागे. २०२१ मध्ये ती सक्ती उठली. इफ्तारला येणाऱ्याने मात्र अर्धा तास आधी यावे, समोरच्या ताटलीला अजानीपूर्वी हात लावू नये आणि वाढप्याला अजानीनंतरच्या दहा मिनिटांत बोलावू नये. तोही त्याच वेळी, काउंटरमागे उभ्यानेच, आपला खजूर तोंडात टाकत असतो.

रात्रीच्या तरावीहच्या नमाजानंतर दुसरी गर्दी येते आणि काही ठिकाणी ती सहरीपर्यंत, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या खाण्यापर्यंत, टिकते. त्या वेळची मागणी वेगळी असते. दुसऱ्या दिवशी तहान लागू नये म्हणून खारट आणि तिखट पदार्थ टाळून पुष्कळजण पराठा, अंडी आणि दही घेतात, आणि फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, अजान होण्याआधी शेवटचा चहा सांगतात.