खांब कुणाच्या मालकीचा?

नमस्कार श्रोतेहो. टोटेम पोल म्हटलं की एकावर एक बसलेले प्राणी डोळ्यांपुढे येतात आणि हे देव असणार असं वाटतं. तसं नाही. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरचे त्लिंगिट लोक या खांबांची पूजा करत नाहीत. डोमकावळा, बेडूक, देवमासा ही कुळांची चिन्हं आहेत. कूळ आईकडून चालतं आणि चिन्हावर हक्क फक्त त्या कुळाचा. सगळी कुळं दोन बाजूंत वाटलेली, एक डोमकावळ्याची, दुसरी गरुडाची. खांब डोमकावळ्याच्या बाजूचा असला, तर तो कोरायला परंपरेनं गरुडाच्या बाजूचा कारागीर बोलावतात. उभारताना मोठं जेवण घालून पाहुण्यांना भेटी देतात, कारण ते पाहुणेच त्या हक्काचे साक्षीदार. पुन्हा सांगते, चिन्ह कुळाचं, म्हणून खांबही कुळाचा.

लाकूड तांबड्या सीडरचं. सरळ वाढलेलं, गाठी कमी, आणि रेषा पिळलेली नको. पीळ असेल तर पुढे चेहऱ्यावरून तिरपा तडा जातो. मोठ्या ओंडक्याची मागची बाजू कोरून गाभा काढून टाकतात, त्यामुळे खांब मागून पन्हळीसारखा दिसतो. वजन घटतं आणि वाळताना तडे कमी पडतात. पुढची बाजू वाकसानं तासायची, बारीक काम वाकड्या पात्याच्या सुरीनं. लांब चोच किंवा पंख वेगळ्या लाकडाचे करून खाचेत बसवतात. शेवटी वाकसाचे बारीक, समांतर घाव मुद्दाम ठेवतात. सँडपेपरनं घोटून गुळगुळीत केलेला खांब मला सहन होत नाही. त्यात कारागिराचा हातच पुसला जातो.

आता ती हकीकत. 1899 साली सिएटलच्या व्यापाऱ्यांची एक मंडळी ‘सिटी ऑफ सिएटल’ या आगबोटीनं अलास्काच्या सहलीला गेली होती. परतीच्या वाटेवर टोंगास नावाच्या त्लिंगिट गावाशी बोट थांबली. गावातली जवळजवळ सगळी माणसं मासेमारीला गेलेली. मंडळींनी सगळे खांब न्याहाळले आणि त्यातला सगळ्यात देखणा निवडला. तो डोमकावळ्याच्या बाजूच्या गानाखाडी कुळाचा होता. नास नदीत बुडालेल्या एका मानाच्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेला, उंची पन्नास फुटांच्या वर. खलाशांनी तो झाड तोडावं तसा तोडला. समुद्राकडे लोळवत नेता येईना, म्हणून करवतीनं दोन तुकडे केले आणि तरंगवत बोटीपर्यंत नेले.

18 ऑक्टोबर 1899 ला तो सिएटलच्या पायोनियर चौकात थाटात उभा राहिला. शहराला भेट मिळाली म्हणून सगळे खूश. गाव ओसाड होतं, हा बचाव. पण माणसं मासे पकडायला गेली म्हणून गाव ओसाड होत नाही! कुळानं दाद मागितली, आठ जणांवर आरोप ठेवले गेले, ते पुढे रद्द झाले. शेवटी 500 डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. संग्रहालयांत आजही वस्तू ‘मिळवणाऱ्याचं’ नाव ठळक छापतात आणि कुळाचं नाव शोधावं लागतं, त्याचं मूळ मला याच सवयीत दिसतं.

एकोणचाळीस वर्षांनी, 1938 मध्ये, कुणीतरी त्या खांबाला आग लावली. विझवल्यावर कळलं, आत लाकूड आधीच कुजलेलं. मग तो अलास्काला परत गेला, नवा कोरण्यासाठी! त्या सुमारास अमेरिकेचं वन खातं बेरोजगारांच्या योजनेतून जुने खांब वाचवण्याचं काम करत होतं. केचिकनजवळ सॅक्समन इथे चार्ल्स ब्राउन यांच्या हाताखाली त्लिंगिट कारागिरांनी नवा खांब कोरला. सिएटलमध्ये एक किस्सा चालतो, की त्लिंगिटांनी शहराचा धनादेश घेतला आणि ‘पहिल्या खांबाचे पैसे मिळाले, दुसऱ्याचे पाठवा’ असं उत्तर धाडलं. ऐकायला झकास, पण खोटं. नव्या खांबाचं काम सरकारी योजनेतून झालं, आणि पहिल्याचे आले ते 500 डॉलरच. 1940 साली तो नवा खांब चौकात उभा राहिला.

त्या योजनेतली कामाची रीत ऐका. कुजलेला खांब नव्या ओंडक्याशेजारी आडवा ठेवायचा आणि मापं घेत डोळा, चोच, पंजा उतरवायचा. जिथे जुनं लाकूड उरलंच नाही, तिथे वडीलधाऱ्यांना विचारायचं. रंगही आधी जुन्या रीतीनं करून पाहिले. ग्रॅफाइट, तांब्याचे खडे, दगडफूल, शिंपले कुटून त्यात सामन माशाची अंडी घालायची, कारण अंड्यांनी रंग लाकडाला धरतो. मग त्याच छटांचे तयार तैलरंग वापरले.

आता कूज. सीडरमधली द्रव्यं बुरशीला रोखतात, पण तिथला पाऊस बारमाही. पाणी साचतं ते वर तोंड केलेल्या भागांवर, म्हणजे कानांमागे, पंजांवर, डोक्याच्या माथ्यावर. तिथे शेवाळ धरतं, मग रोपं उगवतात आणि त्यांची मुळं तडे रुंद करतात. दुसरी जागा बुडाची, माती आणि हवा मिळतात तिथली. म्हणून आज नव्या खांबाला बहुधा मागून लोखंडी आधार देतात आणि बूड जमिनीपासून वर ठेवतात. जुन्या रीतीत डागडुजी नव्हतीच. खांब पडला तर पडू द्यायचा, आणि कुळाची ऐपत असेल तेव्हा पुन्हा जेवण घालून, पुन्हा साक्षीदार बोलावून नवा उभारायचा.