नेझुमी-ओतोको : दोन जगांमधला दलाल

(दृश्य : १९६८ची कृष्णधवल मालिका. डोंगर, धुकं, दगडावर चिकटवलेला मंत्राचा कागद.)

गोष्ट बऱ्याचदा अशीच सुरू होते. रानात कुठेतरी एक जुना दगड. त्याच्याखाली शेकडो वर्षं कोणीतरी कोंडलेलं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या वाटेला जात नाही. मग एक मळका झगा घातलेला इसम येतो, इकडे-तिकडे बघतो आणि कागद टर्रकन ओढून काढतो. कोणीतरी त्याचे हात ओले केलेले असतात, एवढंच.

आतलं बाहेर येतं. इसम पोबारा करतो. पुढे गाव वाचवायचं काम कितारोचं.

'गेगेगे नो कितारो' ही जपानी टीव्हीवरची बहुधा सगळ्यात चिवट भुताळी ॲनिमेशन मालिका. पहिली १९६८ साली फुजी टीव्हीवर आली, तोएई स्टुडिओने केलेली. मग १९७१, १९८५, १९९६, २००७ आणि २०१८. साधारण दर दहा-बारा वर्षांनी कितारो परत येतो. एक डोळा केसांखाली झाकलेला हा पोरगा भूतवंशातला शेवटचा. त्याचे वडील म्हणजे नुसतं एक बुबुळ. त्याला हात-पाय फुटलेले आणि ते पोराच्या केसांत बसून सल्ले देतं. पण आज या बाप-लेकांना बाजूला ठेवू. आज तो झगेवाला. नेझुमी-ओतोको, म्हणजे उंदीर-माणूस.

(दृश्य : चेहरा, अगदी जवळून.)

नीट बघा. गालांवर उंदरासारख्या ताठ मिशा. पुढे आलेले दात. डोळे अर्धवट मिटलेले, पण हिशोब करत असल्यासारखे. अंगावर डोक्यापासून पायापर्यंत गोणपाटासारखा एकच झगा. तीनशेहून जास्त वर्षं अंघोळ केली नाही, असं हा अभिमानाने सांगतो. त्याची शस्त्रंही याच खात्यातली : तोंडाची दुर्गंधी आणि पादणं. समोरचा राक्षस बेशुद्ध पडतो आणि आपण हसतो. शिवाय एक थप्पड आहे. एका दमात दोन्ही गालांवर सटासट, 'बिबिबिबिबि' अशा आवाजात. पदवी विचारलीत, तर हा गडी छाती फुगवून विद्यापीठाचं नाव सांगेल, आणि ते विद्यापीठही भुताटकीचंच!

तो अर्धा माणूस, अर्धा योकाई. जपानी लोककथांमधली भुतं, राक्षस, नदीतले, झाडावरचे, सगळे मिळून योकाई. माणसं याला नाक दाबून हाकलतात. योकाई म्हणतात, हा आपला नव्हे. सोयरीक कुठेच नाही, म्हणून ओळखी मात्र दोन्हीकडे. माणसाला योकाईकडून काही हवं असलं किंवा योकाईला माणसांत घुसायचं असलं, की मध्ये हाच.

म्हणूनच हा नसेल तर मालिका जागची हलत नाही, असं माझं ठाम मत आहे. कितारो पैसे घेत नाही. संकटातल्या माणसाने योकाईंच्या टपालपेटीत पत्र टाकायचं, तो धावून येणार. योकाईंना तर पैशाचं सोयरसुतकच नाही. अशा निर्मोही मंडळींमध्ये भांडण लागणार कसं? तिथे एक दलाल लागतो. डोंगर फोडून इमारती बांधणारा बिल्डर आणि त्या डोंगराखाली झोपलेला राक्षस यांची गाठ घालून देणारा. भूक लागते, हाव सुटते, मरणाची भीती वाटते, असं त्या सगळ्या जत्रेत ठळकपणे वागतो तो हा एकटा. बाकीचे शूर आहेत. शूर माणसांना दगडाखाली काय आहे ते उघडून बघायची गरज पडत नाही.

कितारोचा विश्वासघात याने किती वेळा केला असेल? मोजायच्या फंदात पडू नका. शत्रूचं पारडं जड दिसलं की हा तिकडे. कितारो सावरला की पुन्हा इकडे, 'कितारो-चान' म्हणत गळ्यात पडायला तयार. मांजर-मुलगी नेको-मुसुमे त्याला बरोबर ओळखून आहे. तिची नखं बाहेर आली, की याची पाचावर धारण बसते. कितारो मात्र त्याला कायमचं तोडत नाही. कधी चिडतो, कधी चार ठेवून देतो आणि पुढच्या भागात दोघं परत एकत्र. मालिका याचं स्पष्टीकरण देत बसत नाही. हे मला फार आवडतं.

(दृश्य : राबाउल, न्यू ब्रिटन बेट, आजचा पापुआ न्यू गिनी. जुनी छायाचित्रं.)

हे पात्र निर्माण करणारे शिगेरू मिझुकी १९२२ साली जन्मले आणि साकाईमिनातो या बंदरगावात वाढले. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून राबाउलला गेले. तिथे मलेरियाने अंथरुणाला खिळलेले असताना बॉम्बहल्ला झाला आणि डावा हात गेला. परतल्यावर एका हाताने चित्रं काढून पोट भरायचं ठरवलं. आधी रस्त्यावरच्या चित्रकथांसाठी, मग भाड्याने वाचायला मिळणाऱ्या स्वस्त चित्रपुस्तकांसाठी. त्या धंद्यात प्रकाशक बुडायचे आणि लेखकाचे पैसेही घेऊन बुडायचे. त्याच काळात, १९६०च्या आसपास, हा उंदीर-माणूस कागदावर उतरला, तोही ड्रॅक्युलाच्या वंशजाचा हरकाम्या नोकर म्हणून. मिझुकींच्या घरात तेव्हा ओढगस्त होती. भुकेने माणूस काय काय करतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांनी याला कितीही लबाड केलं, तरी दुष्ट केलं नाही.

त्यांच्या चित्रांत एक गंमत आहे. मागची झाडं, कौलं, दगड ठिपक्या-ठिपक्यांनी तासन्‌तास रेखलेले. आणि त्यांच्यापुढे उभा हा चार रेषांचा लबाड!

(दृश्य : ध्वनिमुद्रणाची खोली.)

पडद्यावर त्याला पहिला आवाज दिला चिकाओ ओत्सुका यांनी. १९६८ला, १९७१ला, आणि थेट २००८मध्ये 'हाकाबा कितारो' या गडद मालिकेत पुन्हा. मधल्या काळात आवाज बदलत गेले. २०१८च्या मालिकेत तोशिओ फुरुकावा आले. 'ड्रॅगन बॉल' ही ॲनिमेशन मालिका मूळ जपानीत पाहिली असेल, तर तुम्ही त्यांना ओळखता : तोच त्यातल्या पिकोलोचा आवाज. आणि कितारोच्या २०१८च्याच मालिकेत बुबुळ-बाबांचा आवाज मासाको नोझावा यांचा, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा नायक, आपला गोकू. १९६८मध्ये त्याच बाई कितारो झाल्या होत्या!

२०१८मध्ये नेको-मुसुमे एकदम उंच आणि फॅशनेबल झाली, तेव्हा चाहत्यांमध्ये केवढी चर्चा. याचा झगा मात्र तोच. २०२३च्या चित्रपटात कितारोच्या जन्माआधीची गोष्ट आहे. तिथेही हा भेटतो, पोरसवदा, पण आवाज फुरुकावांचाच.

(दृश्य : योनागो स्थानक, फलाट क्रमांक ०.)

मिझुकी २०१५ साली गेले. त्यांच्या गावी आता रस्त्याच्या दुतर्फा योकाईंचे पावणेदोनशेच्या आसपास कांस्यपुतळे आहेत. तिथे जाणारी साकाई रेल्वे १७.९ किलोमीटरची, १६ स्थानकांची, आणि प्रत्येक स्थानकाला एका योकाईचं टोपणनाव. शेवटचं साकाईमिनातो कितारोचं. पण जिथे लांबून आलेला प्रवासी गाडी बदलतो, ते योनागो नेझुमी-ओतोकोच्या नावावर आहे. रंगवलेल्या डब्यांवरही तो दात विचकत बसलेला असतो. तुम्ही तिकीट काढूनच चढा. फुकट्यांचा कोटा त्याने आधीच भरलाय.