यकृतातील लगाम

श्रोतेहो, नमस्कार. यकृताच्या जुनाट विषाणुसंसर्गाचा विषय निघाला की एका बाजूला विषाणू आणि दुसऱ्या बाजूला आपली प्रतिकारशक्ती, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. आज मला ज्यांच्याविषयी सांगायचे आहे त्या नियामक टी-पेशी (टी-पेशी म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचाच एक प्रकार) मात्र प्रतिकारशक्तीच्या घरच्याच असून तिलाच आवर घालतात.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिथे आपल्या प्रतींवर प्रती काढतो, पण सहसा त्या पेशीला तो स्वतः मारत नाही. मारतात त्या आपल्याच मारक टी-पेशी. संसर्ग झालेली पेशी हेरून त्या तिचा नाश करतात, आणि यकृताची सूज हा मुख्यतः त्याच लढाईचा परिणाम असतो. म्हणूनच काही रुग्णांच्या अहवालात एका ओळीवर विषाणूची संख्या मिलिलिटरमागे कोटींच्या घरात दिसते आणि खालच्याच ओळीवर एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या घटकाचा, आकडा मात्र अगदी निरोगी माणसासारखा असतो. विषाणू उदंड आहे, पण लढाईच पेटलेली नाही.

ती का पेटत नाही, याचे एक कारण वयात आहे. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांमध्ये हा आजार कायमचा ठाण मांडतो, तर निरोगी प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही आत असते. दुसरे कारण यकृताच्या स्वभावात आहे. आतड्यांतून येणारे रक्त, त्यातील अन्नघटक आणि जिवाणूंचे अवशेष यांना ते रात्रंदिवस सामोरे जाते, तेव्हा प्रत्येक परक्या कणावर तुटून पडणे त्याला परवडणारे नाही. सहनशीलतेची ही वृत्ती जपणाऱ्यांमध्ये नियामक टी-पेशी येतात.

शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशींची ओळख पटवली. पुढे मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून फॉक्स-पी-३ हे जनुक हाती लागले, ज्याच्यावर या पेशींचे घडणे अवलंबून असते. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. इतर टी-पेशींना वाढण्यासाठी लागणारे इंटरल्यूकिन-२ या पेशी स्वतःच शोषून घेतात, तसेच इंटरल्यूकिन-१० सारखे शामक रेणू सोडून आसपासच्या पेशींचा जोर उतरवतात.

जुनाट हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या रक्तात आणि यकृतात या पेशींचे प्रमाण वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यातला एक साधा प्रयोग मला फार बोलका वाटतो. रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांच्यासमोर विषाणूचे प्रथिन ठेवले तर प्रतिसाद अगदी क्षीण येतो. त्याच नमुन्यातून नियामक पेशी गाळून घेतल्या आणि तेच प्रथिन पुन्हा दिले, की उरलेल्या टी-पेशी अधिक जोमाने प्रतिसाद देऊ लागतात. अर्थात, या पेशी वाढतात म्हणून विषाणू टिकतो, की विषाणू टिकून राहिल्यामुळे त्या वाढतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात; शिवाय दीर्घकाळ विषाणूशी झुंजून मारक पेशी स्वतःच थकतात, हा भाग वेगळाच.

मग हा लगाम काढूनच का टाकू नये? उंदरांच्या यकृतात हिपॅटायटिस बीचा विषाणू कार्यरत करून, सुरुवातीलाच नियामक पेशी हटवल्या, तेव्हा विषाणू लवकर हटला खरा, परंतु यकृताची हानीही वाढली. माणसातले उदाहरण तर अधिक गंभीर आहे: फॉक्स-पी-३ जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आतड्यांवर, त्वचेवर आणि स्वादुपिंडावर त्यांचीच प्रतिकारशक्ती हल्ला चढवते.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीत या पेचात फारसे पडावे लागत नाही, कारण थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण सहसा ८ ते १२ आठवड्यांत बरे होतात. बीचे तसे नाही. त्याच्या जनुकीय साहित्याचे एक वर्तुळाकार रूप यकृतपेशीच्या केंद्रकात दडून राहते, आणि टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही औषधे विषाणूची वाढ रोखत असली तरी त्या वर्तुळापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. त्यासाठी प्रतिकारशक्तीची साथ हवी. आधी औषधांनी विषाणू आणि त्याची प्रथिने खाली आणायची, आणि मग केवळ यकृतापुरता व केवळ थोड्या काळापुरता लगाम सैल करायचा, हा क्रम मला सर्वांत सयुक्तिक वाटतो.