शेअर ९० टक्के पडलाय, घ्यायचा का? आधी कर्जाचं पान उघडा

नमस्कार मंडळी. फोंडा असो, डिचोली असो की म्हापसा, लोक भेटले की हल्ली हाच प्रश्न विचारतात: "अमुक कंपनीचा शेअर चारशेवरून चाळिसावर आलाय. आता आणखी किती पडणार? घेऊन टाकू का?"

आणखी किती पडणार, याचं उत्तर सोपं आहे. चाळिसाचा शेअर चारवर आला, तर तोही पुन्हा ९० टक्केच पडलेला असतो. जुना भाव बघून शेअर स्वस्त ठरत नाही. आणि मी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी केलेला सल्लागार नाही, त्यामुळे अमका घ्या, तमका विका असं सांगणार नाही. तपासायचं कसं, ते मात्र नीट सांगतो.

बाजारमूल्य म्हणजे सगळ्या शेअरांची मिळून बाजारातली किंमत. त्या यादीत २५१व्या क्रमांकापासून खाली असलेली प्रत्येक कंपनी स्मॉल कॅप. त्यातली एखादी अडचणीत आली की सगळे विचारतात, धंदा परत उभा राहील का? माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. तोवर कंपनी तग धरेल का?

हा फरक गोव्यातल्या माणसाला पटकन कळतो. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. खनिज जमिनीत होतंच, कधीतरी ते पुन्हा निघणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण पट्ट्यांचे लिलाव सुरू व्हायलाच डिसेंबर २०२२ उजाडला. खनिज वाहणाऱ्या ज्या ट्रकमालकाचं कर्ज फेडून झालं होतं, तो वाट बघू शकत होता. ज्याच्या डोक्यावर बँकेचे हप्ते होते, त्याला वाट बघणं परवडणारं नव्हतं. ट्रक दोघांचेही सारखेच होते.

कंपनीचंही तसंच. म्हणून वार्षिक अहवालात आधी नफा-तोट्याचं पान नको, कर्जाची टीप उघडा. कर्ज किती, त्यातलं येत्या बारा महिन्यांत किती फेडायचं, आणि हातात रोकड किती.

एक हिशोब करू. कंपनी काल्पनिक आहे. समजा तिचे १ कोटी शेअर आहेत, भाव ४० रुपये. म्हणजे बाजारमूल्य ४० कोटी. कर्ज १२० कोटी, व्याज साडेअकरा टक्क्यांनी वर्षाला सुमारे १४ कोटी. धंद्यातून हातात येणारी रोकड १५ कोटी. व्याज भागवून उरला १ कोटी. बँकेत ६ कोटी आहेत. आणि पुढच्या वर्षी मुद्दल फेडायची आहे २० कोटी. १३ कोटी कमी पडतात.

ते आणायचे कुठून? जमीन विकायची, बँकेकडून मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर नवे शेअर काढायचे. समजा कंपनीने २० रुपये भावाने एकास एक राइट्स इश्यू काढला, म्हणजे जुन्या शेअरधारकांना प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर देऊ केला. २० कोटी आले, कंपनी वाचली. पण शेअर झाले २ कोटी.

आता सगळं छान झालं असं धरा. दोन वर्षांनी कंपनी १० कोटी नफा कमावते आणि बाजार त्याला आठपट भाव देतो, म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत ८० कोटी धरतो. शेअर १ कोटीच राहिले असते तर भाव ८० झाला असता. २ कोटी शेअरांवर तो होतो ४०. तुमचा अंदाज बरोबर ठरला, कंपनी सावरली, आणि तुम्ही राइट्समध्ये पैसे घातले नसतील तर जिथे होता तिथेच आहात. कंपनी वाचणं आणि शेअरधारक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला जीव तोडून सांगावंसं वाटतं.

याहून कठोर उदाहरण दिवाण हाउसिंग या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं. दिवाळखोरी प्रक्रियेत २०२१ मध्ये ती पिरामल समूहाकडे गेली. धंदा पुढे चालू राहिला, पण जुन्या शेअरधारकांना मिळालं शून्य. कायद्यातली रांगच तशी आहे: आधी बँका आणि कामगार, मग ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेत असे इतर, आणि सगळ्यात शेवटी आपण.

आणखी काही ठिकाणी नजर टाका. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला शेअरहोल्डिंग पॅटर्न येतो, त्यात प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, किती शेअर गहाण आहेत ते दिसतं. भाव पडला की सावकार ते शेअर बाजारात विकू शकतो. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर कारण वाचा. कंपनीची कर्ज फेडायची ऐपत जोखणाऱ्या क्रिसिल, इक्रा, केअर या संस्थांच्या मानांकनात 'इश्युअर नॉट को-ऑपरेटिंग' हे शब्द दिसले, तर कंपनीने माहिती देणंच थांबवलंय. मी तिथेच फाइल मिटतो. आणि अशा शेअरला लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव एका दिवसात पडायच्या मर्यादेला टेकला, की घेणारा कोणी नसतो. विकायचं ठरवूनही दिवसच्या दिवस विकता येत नाही.

मग अडचणीतली कंपनी घ्यायचीच नाही का? तसं नाही. कर्ज नसलेली, फक्त मालाचा भाव पडल्यामुळे तोट्यात गेलेली कंपनी मला अभ्यास करण्यासारखी वाटते. कारण तिला थांबता येतं. पण डोक्यावर कर्ज असेल, तर नवं भांडवल येऊन कर्जाचा प्रश्न सुटेपर्यंत मी थांबेन. तोवर भाव ४० वरून ५५ झाला तरी चालेल. ते वरचे १५ रुपये मी आनंदाने देईन.

ज्यांनी आधीच घेतलाय, त्यांनी सरासरी खाली आणायला आणखी शेअर घेण्याआधी हाच हिशोब आपल्या कंपनीचे आकडे घालून करावा. आकडे जुळत नसतील आणि तोट्यात विकलंत, तर आयकर विवरणपत्र मुदतीत भरा. तो तोटा पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. दीर्घ मुदतीचा असेल तर फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून.